फळ्यांचे दुकान आणि अकरा महिन्यांचा करार

सावंतवाडीच्या बाजारपेठेतले एखादे जुने कौलारू दुकान उतरवायला घेतले, की संध्याकाळपर्यंत त्याचे छायाचित्र गावातल्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरू लागते आणि ठरलेले दोन पक्ष आपापल्या जागी जाऊन उभे राहतात. ‘गेली ती सावंतवाडी’ असे म्हणणारा एक, आणि ‘मग आम्ही काय संग्रहालयात राहायचे?’ असे विचारणारा दुसरा. पहिल्याच्या पदरी कौले, कोरीव कठडे, चिऱ्याच्या भिंती आणि बालपण. दुसऱ्याच्या पदरी पार्किंग, रोजगार, गळके छप्पर आणि चालू जमाना. दोघेही तावातावाने बोलतात, आणि दोघेही इमारतीच्या तोंडवळ्यापलीकडे जात नाहीत. माझे म्हणणे असे, की या पेठेतला मोठा बदल छपरावर झालेलाच नाही. तो भाडेकरारात झाला आहे. कालचा दुकानदार जागेवरून हलत नव्हता, आजचा जागेवर बसत नाही, आणि या दोन टोकांच्या मधली व्यवस्था आपण कधी उभीच केली नाही. पेठेतले काही राखायचेच असेल तर अरुंद दुकाने, ओटा आणि वळचण, आणि माडीवरचे बिऱ्हाड एवढे राखावे. त्यासाठी कौले लागतातच असे नाही, आणि नुसती कौले राखून ते राहणारही नाही.

आधी माझे हितसंबंध सांगून टाकतो. आमच्या आजोबांचे या पेठेत सुई-दोरा, बटणे आणि अस्तराचे कापड विकण्याचे दुकान होते, आणि ते भाड्याचे होते. दुकानाला शटर नव्हते, नऊ फळ्या होत्या. उंबऱ्यात एक खोबण आणि वरच्या तुळईत एक. प्रत्येक फळीच्या आतल्या अंगाला तांबड्या रंगात आकडा लिहिलेला. सकाळी नववी फळी प्रथम निघे, रात्री तीच शेवटी लागे आणि तिच्यावर आडणा घालून कुलूप पडे. मृग लागला की लाकूड फुगे आणि सातवी फळी हटकून अडे. मग आजोबा तिच्या कडेवरून रंधा फिरवत, आणि उन्हाळ्यात ती सुकली की त्याच फटीतून वारा येतो म्हणून कुरकुरत. काढलेल्या फळ्यांपैकी दोन ओट्यावर आडव्या टाकल्या की गिऱ्हाइकाला बसायला बाकडे तयार. या दुकानाचे भाडे इतके कमी होते, की मालकांचा मुलगा ते न्यायला येई तेव्हा आजोबाच ओशाळत. म्हणजे मी ज्या व्यवस्थेवर टीका करणार आहे, तिच्यावर आमचे घर दोन पिढ्या चालले, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

पेठ बदलते याचा धक्का बसलेल्यांना पहिली गोष्ट सांगायला हवी ती ही, की पेठ कधीच स्थिर नव्हती. डचांनी सतराव्या शतकात जिथे वखार घातली त्या वेंगुर्ले बंदरातून माल सावंतवाडीवरून आंबोलीच्या घाटाने वर बेळगावकडे जाई आणि घाटमाथ्याचा माल त्याच वाटेने खाली उतरे. बैलगाड्यांच्या या वाटेवरचा मुक्काम, ही आपल्या बाजाराची एके काळची कमाई. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. तेव्हा वखारी पाडल्या म्हणून काही व्यापार गेला नव्हता. इमारती जागच्या जागी होत्या, माल दुसरीकडे गेला होता. पुढे संस्थान विलीन झाले, राजधानीचे तालुक्याचे गाव झाले. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा निघाला तेव्हा मुख्यालय ओरोसला गेले. कोकण रेल्वे आली ती शहरापासून सात-आठ किलोमीटर दूर मळगावात थांबली. झाराप ते पत्रादेवी असा वळणमार्ग झाल्यावर मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या गाड्यांनी गावातल्या मोती तलावाकडे पाहणेही सोडले. आता गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली आहेत आणि त्याचा परिणाम जमिनीच्या भावावर दिसतो. यातल्या कोणत्या वळणावर कौले हा निर्णायक मुद्दा होता?

आता दुसऱ्या बाजूचे सगळ्यात बळकट म्हणणे घेऊ. जागामालक विचारतो, ‘छप्पर मी का शाकारू?’ या प्रश्नाला जुन्या पेठेचे चाहते कधीच सरळ उत्तर देत नाहीत. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे भाडे, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून ठेवले. युद्धकाळातली टंचाई आणि फाळणीनंतरचे निर्वासित पाहता तेव्हा ते योग्यच होते. पण तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे टिकला. काळ बदलला तरी भाडे गोठलेलेच ठेवणे अवाजवी झाले आहे, असे अखेर सर्वोच्च न्यायालयाला १९९७ मध्ये सांगावे लागले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. हिशेब करून पाहा. २००० साली ६० रुपये भाडे असलेल्या गाळ्याचे भाडे ही वाढ दरवर्षी न चुकता घेतली तरी पंचवीस वर्षांनी १६० रुपयांच्या आसपास पोहोचते. तेवढ्यात सुतार अर्धा दिवसही येत नाही. वासे बदलणे, रिपा मारणे, कौले चाळणे तर लांबच. ज्याला महिन्याला १६० रुपये मिळतात त्याने गावाच्या सौंदर्यासाठी दोन लाखांचे छप्पर घालावे असे म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून वारसा जपणे होय.

मालकाचे हे गाऱ्हाणे खरे असल्यामुळेच त्यातून पुढे काय झाले ते नीट पाहिले पाहिजे. जुना भाडेकरू हलत नाही, कारण एवढ्या भाड्यात दुसरी जागा मिळणार नाही. तो दुरुस्तीही करत नाही, कारण जागा त्याची नाही. मालक छप्पर पावसाच्या हवाली करतो आणि पालिकेच्या ‘धोकादायक इमारत’ या नोटिशीची वाट पाहतो. आपल्या पेठेत ज्या इमारती ‘काळाच्या ओघात’ पडल्या असे आपण हळहळून म्हणतो, त्यांतल्या किती काळाने पाडल्या आणि किती या ताटकळण्याने? दोन माणसे एका छपराखाली वीस वर्षे एकमेकांच्या थकण्याची वाट पाहत असतील, तर तिथे वाळवीचे काम सोपे होते.

इमारत पडते, नवी उभी राहते, आणि आता मालक शहाणा झालेला असतो. तो भाडेकरू ठेवत नाही. तो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करतो, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा करार, तोही अकरा महिन्यांचा. या अकरा आकड्याची गंमत आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे, म्हणून लोकांनी एक महिना अलीकडे थांबायची युक्ती काढली. महाराष्ट्राच्या नव्या भाडे कायद्याने मात्र असा करार कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, असे ठरवले. म्हणजे अकराचे कारण इथे कधीच संपले. आकडा तेवढा सवयीने उरला. त्याच कायद्याने बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असणाऱ्या कंपन्या यांना भाडेकरूच्या संरक्षणातून वगळले. यातला न्याय समजण्यासारखा आहे. बँकेला कोणी दुबळी भाडेकरू म्हणणार नाही. पण मालकाच्या जागी बसून विचार करा. एका बाजूला गावातला शिंपी, जो कदाचित पुढे कोर्टात जाऊन जागा अडवील अशी धास्ती; दुसऱ्या बाजूला सोने तारण कर्ज देणारी कंपनी, जी भाडे महिन्याच्या महिन्याला बँकेत भरते आणि जिला उठवण्यात कायदा आडवा येत नाही. मालक कोणाला जागा देईल? पेठेत एटीएम, सोने तारण आणि चपलांच्या साखळी दुकानांची दाटी दिसते ती लोकांची आवड बदलली म्हणून, असे आपण समजतो. काही अंशी ते खरेही असेल. पण दुबळ्याच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याची उरलेली भीती त्याच दुबळ्याला दारातून परत पाठवते, हा भाग त्यात मोजला जात नाही.

आणि ज्या स्थानिक मुलाला जागा मिळते, त्याला ती अकरा महिने मिळते. अकरा महिन्यांचा दुकानदार उधारीची वही ठेवत नाही, कारण दिवाळीनंतर तो तिथे असेल याची त्यालाच खात्री नसते. तो लाकडी कपाट करून घेत नाही, फ्लेक्स लावतो. गिऱ्हाइकाचे नाव, मापे, मुलीच्या लग्नाची तारीख हे सगळे लक्षात ठेवण्यात त्याला काही मिळत नाही. मग आपण म्हणतो, ‘पूर्वीची आपुलकी राहिली नाही.’ आपुलकी ही स्वभावातून येते तेवढीच मुदतीतून येते. माझे आजोबा फार प्रेमळ होते अशातला भाग नाही. बटण परत करायला आलेल्याला ते घामाघूम करत. पण तोच माणूस पुढच्या चतुर्थीला पुन्हा येणार आहे हे त्यांना ठाऊक होते.

मुदतीचे हे महत्त्व आपल्या जुन्या राज्यकर्त्यांना पुरते कळत होते. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजन, म्हणजे पेठेचे कारभारी, नेमून त्यांना वतन दिले जाई आणि बाहेरून येऊन दुकान घालणाऱ्याला कौल, म्हणजे लेखी अभयवचन, देऊन ठरावीक वर्षे करमाफी मिळे. व्यापारी सुंदर रस्ता पाहून येत नाही, आपल्याला इथे किती दिवस निश्चिंत बसता येईल ते पाहून येतो. कोल्हापुरात १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ आणि पुढे १९१७ मध्ये जयसिंगपूर उभे राहिले, तेही आपोआप नव्हे. छत्रपती शाहू महाराजांनी ते ठरवून उभे केले. आपल्याकडेच पाहायचे तर राजघराण्याने १९७० च्या दशकात राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) आणि लाखकामाच्या कारागिरांना आश्रय दिला म्हणून ती कला आज दिसते. त्यात पैशाइतकेच मोलाचे होते ते बसायला कायमची जागा देणे. चितार आळीतली लाकडी खेळण्यांची दुकाने इतकी वर्षे टिकली, त्यामागेही हेच असावे असे मला वाटते. पांगाऱ्याचे हलके लाकूड मागच्या अंगणात वाळते, आतल्या खोलीत आंबा-केळी-पेरू घडतात, रंगतात आणि पुढच्या ओट्यावर विकले जातात. घर, कारखाना आणि दुकान एकाच छपराखाली असले की भाड्याचा प्रश्न निम्मा सुटतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मी हलका मानत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात लाकडी माडी जपणे हे काम आहे, छंद नव्हे. वाळवी, जुनी वायरिंग, कुजलेली वाशांची टोके यांच्याखाली कोणी माणूस बसावा असे मी म्हणणार नाही. नवे बांधकाम करावे लागेल आणि ते सिमेंटचेच होईल. पण सिमेंट म्हणजे पावसावर विजय, या समजुतीला पेठेतल्याच इमारती उत्तर देतात. रस्त्याच्या एका टोकाला उभे राहून वर पाहा: पंधरा वर्षांपूर्वी बांधलेल्या जवळजवळ प्रत्येक स्लॅबवर आज पत्र्याचे उतरते छप्पर चढलेले आहे, कारण स्लॅब गळला. खाली दुकानांवर दीड फुटाचा छज्जा काढला होता. त्याने झड अडत नाही, म्हणून पुढे निळी ताडपत्री बांबूवर ताणलेली आहे. उतरते छप्पर आणि रुंद वळचण ही इथल्या पावसाची मागणी आहे, ती टाळून चालत नाही. आपण तिला आधी नकार देतो आणि मग पत्रा-ताडपत्रीच्या रूपाने दुप्पट खर्च करून मान्य करतो. नव्या इमारतीला चार फुटांची वळचण आणि खाली सलग ओटा ठेवायला सिमेंटची काही हरकत नसते.

यापेक्षा अवघड आक्षेप दुसराच आहे, आणि तो आमच्या गटांवर कोणी घेत नाही, कारण तो घ्यायला लागणारी माणसे त्या ‘जुनी सावंतवाडी’च्या छायाचित्रांत नसतात. ज्या ओट्याचे मी कौतुक करतो आहे, त्यावर चढायला कोणाला परवानगी होती? आळ्या जातीच्या होत्या, दुकाने जातीची होती, आणि काही गिऱ्हाइकांना माल वरून, हात न लागता मिळत असे. उधारीच्या वहीत आपुलकी होती तशी नजरही होती. कोणाच्या घरी काय शिजते आणि कोण किती बुडाले आहे हे पेठेला ठाऊक असे. काचेचा दरवाजा ढकलून आत गेल्यावर कोणी आडनाव विचारत नाही, किमतीची चिठ्ठी सगळ्यांना सारखीच असते, आणि एकटी मुलगी हवे ते निवडून निमूट पैसे देऊन बाहेर पडू शकते. हे मोठे काम आहे. नव्या दुकानांनी दुसरे काही केले नसते, तरी एवढ्यासाठी त्यांचे आभार मानावे लागतील.

तरीही यातून निघणारा निष्कर्ष तपासून घ्यावा लागेल. दार सगळ्यांना उघडे झाले हे गिऱ्हाइकापुरते झाले. गल्ल्यावर कोण बसते? आठ फुटी दर्शनी भागाचा, पोटमाळ्याचा, स्वस्त गाळा ही ज्यांच्या घरात आधी कोणी व्यापार केला नाही त्यांना पेठेत शिरण्याची एकमेव पायरी असते. मोबाइल दुरुस्ती, केशकर्तन, झेरॉक्स, चहा, कपडे अल्टर करून देणे हे धंदे याच पायरीवरून आले आणि ते करणाऱ्यांत अशी कितीतरी मुले आहेत. चार अरुंद दुकाने पाडून त्या जागी चाळीस फुटी काचेचे एक दुकान आले, की गिऱ्हाइकाला एक दार मिळते आणि नव्या दुकानदाराची चार दारे बंद होतात. तेव्हा ज्याला जुन्या पेठेतला भेद नको आहे त्याने अरुंद दुकानांचा आग्रह माझ्याहून अधिक धरायला हवा.

रस्ता रुंदीकरणाचे काय? ‘गाड्या जायला जागा नाही’ ही तक्रार खरी आहे. गणपतीच्या आदल्या आठवड्यात गांधी चौकातून माणूस सुद्धा आडवा होऊन जातो. पण कोणत्या गाड्यांसाठी रुंदी हवी, हे विचारायचे राहून जाते. गोव्याची वाहतूक वळणमार्गाने गेली आहे. उरलेल्या गाड्या पेठेत येतात त्या थांबण्यासाठी. दोन्ही बाजूंनी पाच-पाच फूट कापले तर त्या पाच फुटांत उद्या सकाळी दुचाकी उभ्या राहतील, आणि रस्ता होता तेवढाच राहील. मात्र कापताना पहिला जातो तो ओटा. सुमारे चोवीस हजार वस्तीच्या या गावात रोज पहाटे आसपासच्या वाड्यांतून बायका भाजी घेऊन येतात. श्रावणात टाकळा, अळू, भोपळ्याची फुले. उन्हाळ्यात ओले काजूगर, सोलां, एखादा फणस. दुकाने उघडायच्या आधी त्या वळचणीखाली गोणपाट अंथरून बसतात, साडेनऊला दुकानदार पहिली फळी काढू लागला की उठतात, आणि त्याच्या दारात पाणी मारून जातात. हा करार कुठे नोंदवलेला नाही, त्याचे मुद्रांक शुल्क कोणी भरलेले नाही. ओटा गेला की तीच बाई रस्त्यावर येते आणि रस्त्यावर आली की तिचे नाव ‘अतिक्रमण’ होते. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा तिला संरक्षण देतो, त्यासाठी नगर पथविक्रेता समिती नेमायला सांगतो. पण जिथे पावसात कोरडे बसायला दोन हात जागाच उरली नाही तिथे प्रमाणपत्र हातात घेऊन ती उभी कुठे राहणार?

ऑनलाइन खरेदीने पेठ मरणारच आहे, मग हा खटाटोप कशाला, असे म्हणणाऱ्यांशी मी फार वाद घालणार नाही. जे कुरिअरने येऊ शकते ते येईल. पण ब्लाउज शिवायला टाकणे, चष्म्याची काडी बसवून घेणे, कुकरची शिट्टी बदलणे आणि बांगडा ताजा आहे का ते कल्ला उचलून पाहणे ही कामे अजून कोणत्याही पेटीतून घरपोच येत नाहीत. (मुंबईहून येणाऱ्या आमच्या चाकरमान्यांनाही इथे एक प्रेमाचा चिमटा: जुन्या दुकानाच्या छायाचित्राखाली हुंदका देणारे बहुतेकजण चतुर्थीचा बाजार दादरला करून गाडीत बसतात.)

मग करायचे काय? पहिले, इमारत कशी असावी हे सांगायच्या भानगडीत न पडता ती रस्त्याला काय देते एवढेच ठरवावे. मुंबईच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, १८९६ मध्ये नियम झाला की प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग पडवी ठेवली पाहिजे. वरती कोणी गॉथिक बांधले, कोणी इंडो-सारासेनिक, कोणी आपल्या मनाचे. खाली मात्र सव्वाशे वर्षे मुंबईकर त्या पडवीतून कोरडा चालतो आहे. त्याच रस्त्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाट्या कमानीच्या आत बसवण्याची मोहीम झाली आणि झाकलेले दगडी कोरीवकाम पुन्हा दिसू लागले. दुकाने त्यामुळे बंद पडली नाहीत. जयपूर १७२७ मध्ये वसवताना बाजाररस्त्यांवरच्या दुकानांना एक माप दिले गेले, आणि आजही तिथला रस्ता त्या मापावर उभा आहे. आपल्याकडे राज्याने दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात आणि मराठी अक्षर इतर लिपीहून लहान नसावे, असा नियम केला. मला तो मान्य आहे. पण पाटीवरच्या अक्षराची उंची जर सरकार ठरवू शकते, तर माडीची खिडकी झाकणाऱ्या वीस फुटी फ्लेक्सची उंची ठरवायला कोणाचा हात धरला आहे? २०२० पासून जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला बांधकामाची एकच नियमावली आहे. नगररचना कार्यालयांचे काम त्याने सोपे झाले असेल, पण कोकणातल्या पावसाची वळचण आणि मराठवाड्यातल्या उन्हाची वळचण एकाच तक्त्यात मावत नाही.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे, कराराची मुदत. फ्रान्समध्ये दुकानाच्या जागेचा भाडेपट्टा किमान नऊ वर्षांचा असतो. दुकानदाराला दर तीन वर्षांनी सोडून जाता येते, मालकाला मात्र सहजी उठवता येत नाही, आणि भाडे गोठलेलेही राहत नाही. आपल्याला नऊच हवीत असे नाही. पण ‘तहहयात १६० रुपये’ आणि ‘अकरा महिने बाजारभावाने’ यांच्यामध्ये सात वर्षे, दहा वर्षे असे काही असू शकते, ज्यात भाडे ठरल्या दराने वाढेल, छप्पर कोणी शाकारायचे ते लिहिलेले असेल, आणि मुदत संपल्यावर जागा परत मिळेल याची मालकाला खात्री असेल. ‘कायदा राज्याचा, त्यात नगरपालिका काय करणार?’ हा प्रश्न ठरलेला आहे. पण नगरपालिका स्वतःच गाळ्यांची मालक असते. तिने आपल्याच गाळ्यांचा लिलाव चढ्या बोलीऐवजी लांब मुदतीने केला, माडीवर जो मालक प्रत्यक्ष राहतो त्याच्या घरपट्टीत सवलत दिली, तर त्यासाठी राज्याचा भाडे कायदा बदलावा लागत नाही. माडीवर दिवा असला की खालच्या रस्त्यावर रात्री दहाला सुद्धा बाईमाणूस निर्धास्त जाते. ती माडी गोदाम झाली की आठ वाजता पेठ संपते.

आजोबांचे दुकान होते तिथे आता तीन मजली इमारत आहे आणि त्याच जागी, साधारण तेवढ्याच रुंदीच्या गाळ्यात, तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. मागच्या महिन्यात मी तिथे स्क्रीन बदलून घ्यायला गेलो. हात चांगला आहे, बोलणे गोड आहे, गिऱ्हाईक भरपूर आहे. सुटे भाग ठेवायला त्याने भिंतीला फळ्या ठोकलेल्या नाहीत. सगळा माल चाकांच्या लोखंडी रॅकवर आणि प्लास्टिकच्या डब्यांत आहे, कामाचे टेबलही घडीचे आहे. ‘भिंतीत खिळा मारायचा नाही असे करारात आहे,’ तो स्क्रू काढता काढता म्हणाला, ‘आणि काका, मारून तरी काय करू? मार्चला संपतोच आहे.’